लेखकाला पैसे नेमके कशाचे मिळतात? चिकपेटच्या दरबारापासून दैनंदिन मालिकेपर्यंत

टीव्ही मालिकेच्या लेखकाला एका भागाचे किती पैसे मिळतात, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. वाहिनी, मालिका आणि लेखकाचे नाव यांनुसार हा आकडा बदलतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : हे पैसे कशाचे असतात? लेखकाला पदरी ठेवल्याचे, केलेल्या कामाचे, की त्या लेखनातून पुढे होत राहणाऱ्या कमाईतील वाट्याचे? या पाठात आपण हे तीन प्रकार क्रमाने पाहू. सुरुवात बंगळूरमधील चिकपेटपासून करू.

१. राजाश्रय

कन्नडमध्ये ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘पेटे’ म्हणजे बाजारपेठ. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेल्या जुन्या शहराचा हा भाग आज रेशमी साड्यांच्या दुकानांसाठी ओळखला जातो. १६३८ मध्ये आदिलशाही सैन्याने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे आले. त्यांचा गौरी महाल चिकपेट परिसरात होता, असे परंपरेने सांगितले जाते.

शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो संपादित केला. नाशिककडचा हा कवी दरबारात आला तेव्हा त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. आपण बारा भाषांत कविता करतो, असा त्याचा अर्थ होता. दरबारात कवींना समस्या घातल्या जात आणि त्यांनी त्या तिथल्या तिथे पूर्ण करायच्या असत.

अशा व्यवस्थेत कवितेला भाव ठरलेला नसे. राजा कवीला वस्त्रे, इनाम किंवा नेमणूक देई. कवीचा पोटापाण्याचा प्रश्न त्यातून सुटे, पण त्याचा हक्क निर्माण होत नसे. आश्रयदाता गेला किंवा त्याची मर्जी फिरली, तर दाद मागायला जागा नव्हती.

२. प्रयोगामागे मानधन

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटक तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांवर उभे राहिले. राजाच्या जागी नाटक मंडळी आली. तरी लेखकाचे स्थान लगेच बदलले नाही. राम गणेश गडकरी किर्लोस्कर मंडळीत आले ते नाटककार म्हणून नव्हे. मंडळीतल्या मुलांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे होते.

पुढे व्यावसायिक रंगभूमीवर एक महत्त्वाची रूढी पक्की झाली. नाटककाराला दर प्रयोगामागे मानधन मिळू लागले. नाटकाचे पाचशे प्रयोग झाले तर लेखकाची कमाईही पाचशे वेळा होते. नाटक चालले तर लेखकही चालतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मालिकेत नेमके हेच तुटते.

३. मालिकेचा जन्म आणि मालकीचा वाद

‘सोप ऑपेरा’ हे नाव अमेरिकन रेडिओवरून आले. तिथे दुपारच्या कौटुंबिक मालिकांना साबण कंपन्या पैसे पुरवत. १९३० मध्ये शिकागोच्या एका रेडिओ केंद्रासाठी इर्ना फिलिप्स या लेखिकेने ‘पेंटेड ड्रीम्स’ ही मालिका लिहिली. मालिका मोठ्या प्रसारण जाळ्याकडे न्यावी, असे तिला वाटत होते. केंद्राने नकार दिला. तिने नोकरी सोडली आणि मालिकेवर हक्क सांगत दावा लावला. तो ती हरली. नोकरीत असताना लिहिलेले लेखन मालकाचे ठरले. फिलिप्सने यातून धडा घेतला आणि पुढच्या मालिकांची मालकी आपल्या हाती ठेवली.

४. भारतातील दैनंदिन मालिका

१९८४ मध्ये दूरदर्शनवर मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ‘हम लोग’ सुरू झाली. खाजगी वाहिन्या आल्यावर मालिका आठवड्याऐवजी रोज दिसू लागल्या. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला तीनशेहून अधिक भाग होतात. एकट्याने एवढे लिहिणे कठीण असते, म्हणून कथा, पटकथा आणि संवाद ही कामे वाटली गेली. मानधनही वाटले गेले. ते साधारणपणे भागामागे ठरते आणि बरेचदा प्रसारणानंतर तीन महिन्यांनी हाती येते. वाहिनीने मालिका अचानक बंद केली, तर लेखकाचे उत्पन्न त्याच दिवशी थांबते.

उलट मालिकेची कमाई थांबत नाही. पुनःप्रसारण होते, दुसऱ्या भाषेत डबिंग किंवा रिमेक होतो, ओटीटीवर ती पुन्हा दिसते. नाटककाराला मिळतो तसा प्रयोगामागचा पैसा येथे लेखकापर्यंत सहसा येत नाही, कारण करारात सर्व हक्क निर्मात्याकडे गेलेले असतात.

५. कायदा

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा अर्थ लावताना १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी निर्मात्याने करून घेतलेल्या गीत-संगीताचा हक्क निर्मात्याचा मानला. २०१२ च्या दुरुस्तीने ही बाजू बदलली. या दुरुस्तीसाठी राज्यसभेचे सदस्य असलेले जावेद अख्तर आग्रही होते. आता चित्रपटात समाविष्ट साहित्यकृतीच्या लेखकाला, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातील रॉयल्टीचा समान वाटा सोडून देता येत नाही. कायद्यातील ‘चित्रपट’ या संज्ञेत दृश्य मुद्रण येते. मालिका तर चित्रपटगृहात दाखवलीच जात नाही. म्हणजे कागदावर मालिका-लेखकाची बाजू भक्कम आहे. अडचण वसुलीची आहे. पुढचे काम याच निर्मात्याकडून मिळायचे असताना एकटा लेखक हिशेब मागायला कचरतो. म्हणूनच लेखकांच्या संघटनांचे महत्त्व आहे. २०२३ मध्ये अमेरिकन पटकथाकारांनी १४८ दिवस संप केला, तेव्हा स्ट्रीमिंगवरील पुनर्वापराचा मोबदला हा एक मुख्य मुद्दा होता.

समारोप

जयराम पिंड्येपुढे करार नव्हता. आजच्या लेखकापुढे तो असतो. उद्या तुमच्यापैकी कोणी मालिका लिहायला गेले, तर भागाचा दर विचाराच, पण त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी विचारा : पुनर्वापराचा वाटा कोणाला आणि श्रेयनामावलीत नाव कसे येणार? भागाचा दर महिन्याचा खर्च भागवतो. लेखन आपले राहते की नाही, हे मात्र या दोन उत्तरांवर ठरते.

विचार करा

१. राजाश्रय आणि भागामागे मानधन यांत लेखकाची असुरक्षितता कोणत्या अर्थाने सारखी आहे?
२. नाटककार आणि मालिका-लेखक यांच्या उत्पन्नातील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.