‘शांतीने जा’ : हिब्रू भाषेतील निरोपाची दोन रूपे

पवित्र मिस्साबलीच्या अखेरीस धर्मगुरू आपणांस शांतीने निरोप देतात. इंग्रजी मिस्साबलीत ‘गो इन पीस’ हे शब्द पुष्कळदा कानी पडतात. मात्र हे छोटेसे वाक्य हिब्रू भाषेत न्यावयाचे झाल्यास आधी विचारावे लागते : निरोप जिवंत माणसाला द्यावयाचा आहे की मृताला?

जिवंतांसाठी
‘शालोम’ म्हणजे केवळ भांडणाचा अभाव नव्हे. आरोग्य, सुरक्षितता आणि पूर्णता हे सारे अर्थ त्यात सामावलेले आहेत. आपला ‘सुखरूप’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. निघालेल्या पुरुषाला ‘लेख लेशालोम’, स्त्रीला ‘लेखी लेशालोम’ व अनेकांना ‘लेखू लेशालोम’ असे म्हणतात. येथे ‘ले’ म्हणजे ‘कडे’; अर्थात ‘शांतीकडे जा’. इथ्रोने मोशेला (निर्गम ४:१८) आणि एलीने अपत्यहीन हन्नेला (१ शमुवेल १:१७) असाच निरोप दिला.

मृतांसाठी
‘बे’ म्हणजे ‘मध्ये’. तालमूदमधील ‘बराखोथ’ या ग्रंथात यहुदी गुरू सांगतात, की जिवंतांना ‘लेशालोम’ म्हणावे आणि मृतांना ‘बेशालोम’. अब्राहामाला शांतीत पूर्वजांकडे जाण्याचे वचन मिळाले, तेथे ‘बेशालोम’ हाच शब्द आहे (उत्पत्ती १५:१५). दावीदाने अबशालोमाला ‘लेख बेशालोम’ म्हटले (२ शमुवेल १५:९) आणि तो पुत्र परत आला नाही, याकडेही हे गुरू लक्ष वेधतात. बायबलमध्ये हा नियम सर्वत्र पाळलेला नाही. इसहाकाकडून जिवंत माणसेही ‘बेशालोम’ गेली (उत्पत्ती २६:३१). तरीही या भेदातील अर्थ आम्हांस मोलाचा वाटतो : जिवंताची वाट अजून शिल्लक आहे, मृताची संपली आहे.

शुभवर्तमानात
संत लूक यांच्या ग्रीक शब्दांतही असाच फरक आढळतो. क्षमा मिळालेल्या स्त्रीला (७:५०) व रक्तस्रावातून बऱ्या झालेल्या स्त्रीला (८:४८) प्रभू येशू ‘शांतीकडे’ पाठवतो. मरणास सिद्ध झालेला वृद्ध शिमोन मात्र ‘शांतीत’ निरोप मागतो (२:२९). लॅटिन भाषांतरात दोन्हीकडे ‘इन पाचे’ आले आणि हा भेद पुसला गेला.

आपल्या पुण्यात
पुणे कॅम्पातील लाल देऊळ हे डेव्हिड ससून यांनी बांधविलेले यहुदी प्रार्थनामंदिर १८६७ साली पूर्ण झाले. हिब्रूत प्रार्थना करणारे आणि घरी मराठी बोलणारे बेने इस्राएल बांधवही या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्यांचे निधन झाले. अशा कार्यात एकेका प्रत्ययाचा विचार का करावा लागतो, हे वरील उदाहरणांवरून ध्यानी यावे.

मराठी माणसाला हा भेद परका नाही. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आणि कोणी चुकून ‘जातो’ म्हटले, तर वडीलधारी माणसे लगेच सुधारतात. ‘जाणे’ हा शब्द आपण अखेरच्या प्रवासासाठी राखून ठेवला आहे.

म्हणून मिस्साबलीनंतर चर्चच्या पायऱ्या उतरताना आपण स्मरावे, की हा जिवंतांना दिलेला निरोप आहे. ज्या शांतीकडे आपणांस पाठविले जाते, तिची वाट घर, शेजार आणि कामाची जागा यांतूनच जाते. दफनभूमीत आप्तांसाठी प्रार्थना करताना मात्र आपण त्यांना शांतीत सोपवितो.