वर्ग ४१ : शिक्षण व मनोरंजन सेवांची व्यापारचिन्हे

वस्तू व सेवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारचिन्ह वर्गीकरणातील एक्केचाळिसावा वर्ग. शिक्षण, प्रशिक्षण, मनोरंजन, क्रीडा व सांस्कृतिक कार्यक्रम या सेवांची नावे आणि बोधचिन्हे यात नोंदवली जातात. शाळा, खासगी क्लास, नाट्यसंस्था, सर्कस, ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय, व्यायामशाळा, पुस्तक प्रकाशन, भाषांतर आणि छायाचित्रण यांचा हाच वर्ग. जुगाराच्या सेवाही यातच मोडतात.

हे वर्गीकरण फ्रान्समधील नीस शहरात १५ जून १९५७ रोजी झालेल्या करारातून आले. जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना ते सांभाळते. सेवांचा शेवटचा वर्ग तेव्हा ४२ वा होता आणि इतरत्र न बसणारे सारे त्यात जाई. १ जानेवारी २००२ पासून त्याची फोड झाली व एकूण वर्ग ४५ झाले. पहिले ३४ वस्तूंचे, उरलेले ११ सेवांचे.

शाळा आणि सर्कस एकाच रांगेत पाहून शिक्षकांना वाईट वाटते, पण वर्गीकरण प्रतिष्ठा मोजत नाही. ग्राहक पैसे मोजतो ते कशासाठी, एवढेच ते विचारते. शिकण्यासाठी, विरंगुळ्यासाठी किंवा कलाकृती पाहण्या-ऐकण्यासाठी मोजत असेल, तर वर्ग ४१. जनावरांना शिकवून तयार करण्याची सेवाही म्हणूनच इथे येते.

भारतात १९५८ चा कायदा फक्त वस्तूंच्या चिन्हांपुरता होता. क्लासच्या छापील नोट्सवरचे नाव नोंदवता येई, शिकवण्याचे नाही. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ हा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला आणि त्याने सेवेच्या व्याख्येत शिक्षण, मनोरंजन व करमणूक यांचा नावानिशी उल्लेख केला. भारत नीस कराराचा सदस्य झाला तो मात्र ७ सप्टेंबर २०१९ रोजी. वर्गवारी त्याआधीपासून तीच वापरली जात होती.

खरी अडचण सीमेवर येते. बालवाडी वर्ग ४१ मध्ये, पण मुलांना केवळ सांभाळणारे पाळणाघर वर्ग ४३ मध्ये, खानपान व निवास सेवांच्या शेजारी. क्लासने नोट्स छापून विकल्या तर त्या वर्ग १६ मध्ये, उतरवून घेण्याचे ॲप वर्ग ९ मध्ये आणि प्रत्यक्ष शिकवणे, मग ते ऑनलाइन का असेना, वर्ग ४१ मध्ये. पुस्तक प्रकाशित करणे ४१, तेच छापून देणे ४०. चित्रांचे प्रदर्शन रसिकांसाठी भरवले तर ४१, माल खपवण्यासाठी भरवले तर ३५. मागणीनुसार चित्रपट दाखवण्याची सेवा ४१ मध्ये येते, त्याचे नुसते प्रक्षेपण ३८ मध्ये. त्यामुळे एका मध्यम आकाराच्या क्लासलाही तीन-चार वर्गांत नाव नोंदवावे लागते. अर्ज एकच चालतो, शुल्क मात्र दर वर्गाचे वेगळे : ऑनलाइन अर्जास व्यक्ती, नवउद्योग व लघुउद्योग यांना ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. २०१७ च्या नियमांनुसार ध्वनीही नोंदवता येतो. त्याचे एमपी-३ ध्वनिमुद्रण तीस सेकंदांपेक्षा मोठे नसावे. कार्यक्रमाची सुरावट हीच ज्यांची ओळख आहे, त्यांना ही तरतूद मोलाची आहे.

चित्रपट-नाटकांच्या नावांचा प्रश्न वेगळा आहे. शीर्षकाला स्वामित्वहक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘देसी बॉइज’ प्रकरणात सांगितले. व्यापारचिन्हाचा मार्ग उरतो, पण एकाच कलाकृतीचे शीर्षक असेल तर लोकांच्या मनात ते विशिष्ट निर्मात्याशी जोडले गेले आहे हे सिद्ध करावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ‘निशब्द’ या शीर्षकाच्या वादात हीच कसोटी लावली. मालिकेच्या किंवा संस्थेच्या नावाची बाजू त्या मानाने भक्कम असते.

वर्ग एक म्हणजे सेवा सारखी, असे मात्र नाही. वर्ग मुख्यतः नोंदणीच्या सोयीसाठी आहेत. २०१८ मध्ये ‘नंदिनी’ दूध आणि ‘नंदिनी डिलक्स’ उपाहारगृह यांच्या खटल्यात, वर्ग एक असला तरी माल सारखा ठरतोच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. वर्ग ४१ ला हे अधिकच लागू पडते. पोहण्याचा तलाव आणि अभियांत्रिकीचा क्लास यांत ग्राहकाची गल्लत होणे अवघड आहे. उलट, ‘गणित क्लासेस’सारखे केवळ वर्णन करणारे नाव कोणत्याही वर्गात सहसा टिकत नाही, कारण तो शब्द सगळ्यांचाच आहे.

नोंदणी दहा वर्षांची असते व नूतनीकरण करता येते. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्ज नोंदणी खात्याच्या मुंबई कार्यालयाकडे जातात. अर्ज जाहीर झाल्यावर चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो. नाव नोंदवून सलग पाच वर्षे न वापरल्यास ते काढून टाकण्याची मागणी होऊ शकते.

मराठी नाट्यसंस्था, कलापथके आणि क्लास हे बहुधा दोघा-चौघांच्या मैत्रीतून उभे राहतात आणि नाव कोणाचे, हा प्रश्न फाटाफूट झाल्यावर निघतो. तेव्हा सगळे एकत्र असतानाच मालकी कोणाकडे राहील हे लेखी ठरवावे, सेवांची पूर्ण यादी करावी आणि मगच वर्ग ४१ चा अर्ज भरावा. भरलेल्या अर्जात नव्या सेवांची भर पुढे घालता येत नाही.