परतीचं परमिट

आमचं मुरुम सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. पोलीस ॲक्शननंतर गल्लीतलं एक कुटुंब कराचीला गेलं, असं आजी सांगायची. "येतील की परत," म्हणून तिनं त्यांची पितळी घागर जपून ठेवली.

परवा राज्यघटनेचं कलम ७ वाचलं आणि ती घागर आठवली. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेला माणूस भारताचा नागरिक नाही. अपवाद फक्त पुनर्वसनाचं किंवा कायमच्या परतीचं परमिट घेऊन आलेल्यांचा. म्हणजे नुसत्या भेटीच्या परमिटवर आलेला माणूस स्वतःच्याच गल्लीत पाहुणा! १९५२ मध्ये तर पासपोर्टच आला.

आजीला वाटायचं, घरी यायला रस्ता माहीत असला की झालं.

घागर अजून आमच्याकडेच आहे.