मुरूम: औषधाचा विषय की आरशाचा?

मी कोवलमहून बोलतोय. केरळातलं नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेला, ईस्ट कोस्ट रोडवरचं कोवलम. 1752 साली क्लाइव्हनं इथला किल्ला फ्रेंचांकडून घेतला होता. पण आज किल्ला नाही, चेहऱ्याबद्दल बोलायचंय.

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीचा मुलगा पुण्याहून आला होता. वय एकवीस. दारात समुद्र, पण तो दिवसा खोलीबाहेर यायला तयार नाही. "आजोबा, उन्हात तोंडाची आग होते," म्हणाला. चेहरा लालबुंद, त्यावर मुरूम. वर्षभर तो दुकानातून आणलेलं एक क्रीम लावत होता. चष्मा लावून मी ट्यूब वाचली. त्यात स्टेरॉइड होतं.

मुलगा हुशार आहे. ताप आला असता तर डॉक्टरकडे गेला असता. मुरमांसाठी गेला नाही, कारण मुरूम हा आजार आहे असं त्याला वाटलंच नाही. हा गोंधळ जुना आहे आणि त्याला इतिहास आहे.

सुश्रुतसंहितेत हा गोंधळ नाही. तिथे क्षुद्ररोगांमध्ये 'मुखदूषिका' येते: तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या, सावरीच्या काट्यासारख्या पुळ्या. कारण म्हणून कफ, वात आणि रक्त सांगितलंय. उपचारात वमन आहे आणि वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांचा लेप आहे. नाव 'क्षुद्र' असलं तरी गणती रोगांतच केली आहे. आपला 'तारुण्यपीटिका' हा शब्दही वय सांगतो, पण त्याचा अर्थ आपण सोयीनं लावला: तारुण्य सरलं की जाईल, सोडून द्या.

सोडून देणाऱ्यांत मीही होतो. प्रशिक्षणाच्या काळात रोज गुळगुळीत दाढी सक्तीची. मुरमांवरून पातं फिरायचं, रक्त यायचं, तुरटी लावून आम्ही परेडला उभे. डॉक्टरकडे एवढ्यासाठी जायचं म्हणजे हसं होईल, ही भीती. खरं तर दुसऱ्या महायुद्धातच सैन्याच्या डॉक्टरांनी हा विषय गंभीरपणे घेतला होता. पूर्वेकडच्या दमट उष्ण रणभूमीवर सैनिकांच्या पाठीवर, मानेवर मोठ्या, दुखऱ्या गाठी येत. घाम आणि पाठीवरच्या ओझ्याचं घर्षण यांनी त्या चिघळत. अशा जवानाला थंड हवेच्या जागी हलवावं लागे. मुरमांमुळे माणूस लढाईतून बाद होऊ शकतो, हे तेव्हाच कळलं होतं.

आपल्याकडे हा प्रश्न कोर्टातही गेला, आणि तो मराठी माणसाच्या कारखान्यातून. केशव विष्णु पेंढरकरांनी 1952 साली मुंबईत विको सुरू केली. 1975 मध्ये त्यांची हळदीची क्रीम बाजारात आली. 1978 पासून अबकारी खात्याशी वाद लागला: हे आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन? प्रसाधन ठरलं तर कर जास्त. खटला पंचवीसहून अधिक वर्षं चालला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात कंपनी जिंकली. कायद्यातही हे दोन रकाने आहेत. 1940 चा कायदा फक्त औषधांचा होता; 1962 च्या दुरुस्तीनं त्यात प्रसाधनं आली. सरकारसाठी प्रश्न कराचा होता. पण घरात आपणही तोच प्रश्न विचारतो, आणि बहुतेक वेळा प्रसाधनाच्या बाजूनं निकाल देतो.

आधुनिक उपचारांचा इतिहासही स्वच्छ नाही. ट्रेटिनोइन हे मोलाचं औषध मुरमांसाठी पुढे आणलं ते फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी. अमेरिकेत त्याला 1971 मध्ये मान्यता मिळाली. याच क्लिगमननी 1951 ते 1974 या काळात होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर प्रयोग केले, आणि आज त्यांचं नाव त्या कलंकासह घेतलं जातं. 1982 मध्ये आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या आल्या. हट्टी, खड्डे पाडणाऱ्या मुरमांवर त्या फार प्रभावी ठरल्या. पण गरोदरपणात घेतल्या तर बाळात गंभीर व्यंग येतं, म्हणून त्या डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घ्यायच्या नाहीत.

आणि स्टेरॉइड? ते सूज दाबतं, म्हणून आठवडाभरात चेहरा उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम उलट वाढतात. क्रीम बंद केलं की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला. मार्च 2018 मध्ये सरकारनं 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी आमच्या पोराला ती मिळालीच.

त्याला मी त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी समजावलं: वयात येताना संप्रेरकांमुळे तेल वाढतं, छिद्र बुजतं, आत जिवाणू वाढतात, सूज येते. चेहरा 'अस्वच्छ' असतो म्हणून हे होत नाही. दिवसातून दोनदा सौम्य साबणानं धुणं पुरे. घासायचं नाही, फोडायचं नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीनसारखी औषधं सल्ल्यानं लावायची, आणि फरक दिसायला दोन-तीन महिने थांबायचं. स्टेरॉइडही स्वतःच्या मनानं एकदम सोडायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं.

चौथ्या महिन्यात पोरानं फोटो पाठवला. थोडे डाग आहेत अजून. पण फोटो भर दुपारचा होता, सिंहगडावरचा.

तुमच्या घरात असं मूल असेल तर "वयाचं आहे, जाईल" म्हणू नका, आणि त्याच्यावर हसूही नका. ट्यूब मागून घ्या, चष्मा लावा, त्यावरची बारीक अक्षरं वाचा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.