ओटा कुणी उंच केला?

इंटिरियरवाल्यांची माहितीपत्रके स्वयंपाकघराकडे रंगरूपाचा प्रश्न म्हणून पाहतात: कॅबिनेटे हिरवी, ओटा क्वार्ट्झचा, मधली भिंत काढून सगळे हॉलशी सलग. मराठी स्वयंपाकघराची मांडणी हौसेने मात्र क्वचितच बदलली. ती बदलली जळण बदलले तेव्हा. वाड्यातली चूल जमिनीलगत असे, त्याला अडाणीपणा कारण नव्हता. लांब लाकूड आत सारायचे, फुंकणीने विस्तव फुलवायचा, वैलावरच्या आमटीवर लक्ष ठेवायचे, ही कामे बसूनच नीट होतात. शिवाय धूर वर चढून पाटईखाली साठतो. पाटावर बसलेल्या बाईचे डोके त्यातल्या त्यात धुराखाली राहते. मग चिरणे विळीवर, वाटण पाट्यावर, जेवणही पाटावर. चुलीने सगळे घरच खाली बसवले होते.

यावर कोणी म्हणेल, स्वयंपाकघर माजघरामागे परसाकडे गेले ते सोवळ्यामुळे. आत कोणी पाऊल टाकायचे हे सोवळ्याने ठरवले, यात शंका नाही, आणि ते किती कठोरपणे ठरवले हेही विसरता येत नाही. पण चुलीच्या उंचीशी सोवळ्याचे देणेघेणे नव्हते. ज्या घरांत सोवळे नव्हते तिथेही चूल जमिनीवरच होती. दुसरा आक्षेप साहेबाच्या नकलेचा. पण साहेबाच्या बंगल्यात बाबर्चीखाना मुख्य घरापासून लांब असे आणि मडमेचा त्याच्याशी संबंध हुकूम सोडण्यापुरता; त्यातून उचलण्यासारखे फारसे नव्हतेच. आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ ज्यात सांगितले जाते ते आटोपशीर, उभ्याने राबायचे स्वयंपाकघर मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की यांनी 1926 मध्ये फ्रांकफुर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी आखले, आणि तिथे गॅस किंवा वीज आधीच पोचली होती. त्याच दशकात वरळी-नायगावला बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या. तिथल्या एकाच खोलीत शेगडी, भांड्यांची मांडणी आणि रात्रीचे अंथरूण असा सगळा संसार मावे. आज जिला ‘ओपन किचन’ म्हणून जास्त पैसे मोजतात ती सोय चाळकऱ्यांना नाइलाजाने मिळाली होती.

रॉकेलच्या स्टोव्हने लाकूड हटवले, पण स्वयंपाक उठून उभा राहिला नाही. बहुतेक घरांत स्टोव्हही फरशीवरच फरफरत राहिला. म्हणजे नुसता धूर कमी होणे पुरेसे नव्हते, हे इथे मान्य करायला हवे. निर्णायक ठरला तो सिलिंडर. बर्मा शेलने 1955 मध्ये मुंबईत ‘बर्शेन’ या नावाने गॅस विकायला सुरुवात केली. हा वायू हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवा, अशी कंपन्यांची सूचना असते. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्या वर, म्हणजे कमरेइतका ओटा आलाच. आंध्रातून येणारा काळा कडप्पा त्यासाठी सोयीचा: स्वस्त, धुवायला सोपा, तेलाचे डाग न दाखवणारा. ओट्याला जोडून नळ आणि सिंक आले, साठच्या दशकात सुमीतचा मिक्सर आला, त्याच्यासाठी ओट्यावर प्लग आला आणि पाटा-वरवंटा कोपऱ्यात गेला. गुडघेदुखीच्या बायकांना हा बदल वरदानासारखा वाटला असणार. तासन्‌तास उभे राहण्याने टाचा धरल्या, तो भाग वेगळा.

पुढची पायरी नळाच्या गॅसची. जिथे पाइप पोचला तिथे ओट्याखालची सिलिंडरची जागा मोकळी झाली आणि ती ट्रॉल्यांनी भरून काढली. ट्रॉल्या सिलिंडर असलेल्या घरांतही दिसतात, हे खरे. पण तिथे सिलिंडरसाठी एक कप्पा अडवूनच सुताराला पुढचा हिशेब करावा लागतो. भिंत पाडण्याची हिंमत मात्र चिमणीने दिली, आणि तीही अर्धवटच. लसणीची फोडणी आणि तळलेले बोंबील कुठल्याच चिमणीला पुरते जुमानत नाहीत. म्हणून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत दर्शनी ओपन किचनच्या मागे ड्राय बाल्कनी असते. तिथे भांडी घासली जातात, कपडे धुतले जातात आणि काही घरांत तळणासाठी दुसरी शेगडीही मांडलेली असते.