सापडलं नाही म्हणजे नाहीच का?

शोधयंत्रांचा इतिहास आपण बहुधा १९९८ पासून, म्हणजे गूगलपासून मोजतो. पण १९९० सालीच माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी ‘आर्ची’ तयार केलं होतं. ते सार्वजनिक संगणकांवर ठेवलेल्या फायलींची फक्त नावं शोधायचं. फायलीच्या पोटात काय आहे, याचा त्याला पत्ता नसे.

इथे आम्हा तत्त्वज्ञानाच्या मंडळींना कुमारिल भट्ट आठवतात. ‘अनुपलब्धी’ हे त्यांनी स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही. पण त्याला एक अट आहे: घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता ही अट शोधयंत्रांना लावून पाहू. वैद्यकीय संशोधनासाठी १९९६ पासून पबमेड आहे. तिथे ‘हार्ट अटॅक’ असं विचारलं, तरी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या शास्त्रीय नावाखालचे लेख सापडतात. संकेतस्थळावरून काढून टाकलेलं पान २००१ साली खुल्या झालेल्या वेबॅक मशीनमध्ये मिळू शकतं. जुना मराठी शब्द अडला, तर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. प्रत्येक दिव्याचा उजेड आपापल्या खोलीपुरता.

तेव्हा ‘असं काही नाहीच’ म्हणण्याआधी आपण कुठल्या खोलीत, कुठला दिवा घेऊन शोधलं, एवढं स्वतःला विचारायला हवं.