अनेकांची मिळून एक 'व्यक्ती'

बदलीच्या नोकरीमुळे मला चार शहरांतली मराठी मंडळे जवळून पाहायला मिळाली. त्यांतल्या एका मंडळात एका वर्षी हिशेबात पैसे कमी आले. चूक एकाच माणसाची होती. पण "ते मंडळच तसलं" असा बोभाटा झाला. पुढच्या वर्षी वर्गणीला गेलेल्या मुलांच्या तोंडावर लोकांनी दारे लावली. त्यांत माझा मुलगाही होता. "बाबा, आम्ही काय केलं?" या त्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

निवृत्तीनंतर कायद्याचा इतिहास वाचताना ते उत्तर सापडले, आणि तेही मध्ययुगीन युरोपच्या चर्चमध्ये!

त्या काळी मठांकडे आणि मोठ्या चर्चच्या पुरोहितमंडळांकडे बरीच जमीनजुमला असे. मठाधिपती वारला तरी जमीन मठाचीच राही. मग मालक कोण? अशा समूहाला रोमन कायद्यातला 'युनिव्हर्सिटास' हा शब्द वापरत. बोलोन्याला शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांच्या संघालाही हेच नाव होते. त्यातूनच 'युनिव्हर्सिटी' हा शब्द आला.

1243 ते 1254 या काळात पोप असलेले चौथे इनोसंट मूळचे कायदेपंडित. समूहाला कोर्टात शपथ घ्यायची असेल तर सगळ्यांनी घ्यायची का, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी लिहिले की समूहाच्या कामापुरती ती एक व्यक्ती आहे असे कल्पिले जाते, म्हणून सर्वांच्या वतीने एकाने शपथ घेतली तरी चालेल.

आता खरी मेख. चर्चची जबर शिक्षा म्हणजे धर्मबहिष्कार, आपल्या भाषेत वाळीत टाकणे. समूह जर 'व्यक्ती', तर सगळ्या समूहालाच वाळीत टाकता येईल का? इनोसंट म्हणाले, नाही. समूह हे कायद्याने दिलेले नाव आहे. त्याला आत्मा नाही. शिवाय सरसकट बहिष्कारात निरपराधही भरडले जातील. ज्यांनी अपराध केला, त्यांनाच शिक्षा करावी. हा नियम आठव्या बॉनिफेसच्या 1298 च्या कायदासंग्रहातही आला.

हा विचार त्या काळी सोपा नव्हता. राजा जॉनशी झालेल्या भांडणात तिसऱ्या इनोसंटनी 1208 ते 1214 अख्ख्या इंग्लंडमधले बहुतेक धर्मविधी बंद ठेवले होते. भांडण राजाशी, झळ मात्र प्रजेला. प्रांतावरची अशी बंदी नव्या नियमानेही संपली नाही. पण समूहाचा दोष सरसकट प्रत्येकाच्या माथी मारू नये, एवढे तरी कायद्यात लिहिले गेले.

आपल्याकडे न्यायालये देवळातल्या देवालाही कायद्यातली व्यक्ती मानतात. त्या विचाराची मुळे वेगळी आहेत. पण मंडळ चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना इनोसंट यांचा धडा उपयोगाचा आहे. मंडळाच्या नावाने पैसा घ्यावा, करार करावेत. पण चूक झाली तर नाव घेऊन त्या माणसाला विचारावे.

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर यंदाचा हिशेब छापला आहे. तो जरूर तपासावा. काही चुकले असेल तर मुलांना बोलू नका, मला विचारा. खाली सही माझी आहे.